मनाला गंधाचा आधार : प्रस्तावना

पूर्णा तालुक्यातल्या ताडकळस परिसरात फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद शिजायला लागली, की कुणाच्या रानात बॉयलर लागला आहे हे विचारावे लागत नाही. वाफेबरोबर मातकट, तिखटसर, ऊबदार वास वाऱ्यावर येतो आणि रस्त्याने जाणाऱ्यालाही लागतो. ज्याला यंदा चांगला उतारा मिळाला त्याला तो वास सुखाचा वाटतो. ज्याचे पीक कंदकुजीने गेले आणि डोक्यावर कर्ज राहिले, त्याला तोच वास नकोसा होतो. वासाने मन खरोखर बदलते का? बदलत असेल तर ते त्या द्रव्याच्या गुणाने, की त्याला चिकटलेल्या आठवणीने? आणि हे समजून घेऊन चिंतेत असलेल्या, खचलेल्या माणसाला आपण थोडा आधार देऊ शकतो का? हे पुस्तक या तीन प्रश्नांभोवती उभे आहे.

हळदीच्या वाफेतून जे नाकाशी येते ते हळदीचे सुगंधी तेल. वाळलेल्या हळकुंडात ते साधारण ३ ते ५ टक्के असते आणि टर्मेरोन गटातली द्रव्ये त्यात मुख्य असतात. दुकानात आणि मोबाइलवरच्या जाहिरातीत ज्याला 'इसेन्शियल ऑइल' म्हणतात ते याच जातीचे द्रव्य. पाने, फुले, बिया, मुळ्या, साली किंवा लाकूड यांत हवेत उडून जाणारे अनेक घटक असतात. भट्टीवर वाफ देऊन, ती वाफ थंड करून ते पाण्यापासून वेगळे काढले जातात. संत्र्या-लिंबाच्या सालीतून ते दाबूनही निघतात. मोगऱ्यासारखी नाजूक फुले भट्टीची उष्णता सोसत नाहीत, म्हणून त्यांचा अर्क द्रावक वापरून काढावा लागतो. एका तेलात पन्नास-शंभर घटक सहज सापडतात. गवती चहाच्या तेलात सिट्राल जास्त, निलगिरीत सिनिओल, ओव्यात थायमॉल, लॅव्हेंडरमध्ये लिनालूल. तेलाचा वास आणि त्याचा परिणाम या घटकांच्या प्रमाणावर ठरतो, आणि ते प्रमाण जमीन, हंगाम आणि भट्टीवरचा माणूस यांच्यावर ठरते.

नव्या वाचकाचा गोंधळ बहुतेक वेळा इथेच होतो, कारण बाजारात चार वेगळ्या वस्तू एकाच रांगेत मांडलेल्या असतात. आयुर्वेदातले सिद्ध तेल म्हणजे तिळाच्या किंवा खोबऱ्याच्या तेलात वनस्पती उकळून तयार केलेले औषधी तेल. ते तळहातभर घेऊन अंगाला चोळता येते. अत्तर म्हणजे फुलांचा किंवा मुळांचा गंध परंपरेने चंदनतेलात उतरवलेला. इसेन्शियल ऑइल म्हणजे वनस्पतीतला उडणारा अंश तेवढाच, अतिशय तीव्र, थेंबांनी मोजायचा. आणि चौथी वस्तू म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेला कृत्रिम सुगंध. तो साबणात, अगरबत्तीत गैर नाही, पण वनस्पतीच्या नावाने विकला जातो तेव्हा ती फसवणूक होते. एक किलो गुलाबतेलासाठी तीन ते चार टन पाकळ्या लागतात. हे एकदा कळले, की शंभर रुपयांत दहा मिलिलिटर 'शुद्ध गुलाबतेल' देणाऱ्या बाटलीत काय असणार, हे वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही.

हा विषय आपल्याकडे परदेशातून आला, असे अनेकांना वाटते. शब्द तिकडून आला हे खरे, पण विद्येची मुळे इथे फार जुनी आहेत. वराहमिहिराच्या सहाव्या शतकातल्या 'बृहत्संहिते'त गंधयुक्तीवर स्वतंत्र अध्याय आहे. सोळा द्रव्यांतून चार-चार निवडून, त्यांची प्रमाणे बदलून किती सुगंध होतील, याचा हिशेब तिथे १,७४,७२० असा दिलेला आहे. गणिताचे अभ्यासक आजही तो उतारा क्रमचय-संचयाच्या इतिहासात वाचतात. बाराव्या शतकात, इ. स. ११३० च्या सुमारास, कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावरचा 'मानसोल्लास' तयार झाला. त्यात स्नान, उटी, धूप, विलेपन यांना राजाच्या उपभोगांत मानाची जागा आहे. ही कल्याणी म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण, मराठवाड्याच्या उंबरठ्यावरचे.

मराठी वाचकाच्या जवळची गोष्ट त्याहून पुढची आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी १९४० च्या दशकात सुगंधविद्येवरच्या दोन दुर्मीळ ग्रंथांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. एक गंगाधराचा 'गंधसार', दुसरा अज्ञात कर्त्याचा 'गंधवाद'. या 'गंधवादा'वर जुन्या मराठीत टीका, म्हणजे भाष्य आहे, आणि गोडे यांनी तिचा काळ १३५० ते १५५० च्या दरम्यान ठेवला. पुढे १९८९ मध्ये बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने रामकृष्ण तुळजाराम व्यास यांच्या संपादनात हे दोन्ही ग्रंथ छापले. सुगंध कसा तयार करायचा हे कुणीतरी पाच-सहाशे वर्षांपूर्वी मराठीत समजावून सांगत होते, याचा आनंद या विषयाकडे येणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला व्हायला हवा. 'गंधसारा'त भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन अशा सहा प्रक्रिया सांगितल्या आहेत. ही कारागिराची शिस्त आहे. गंधाचे काम मोजमापाचे आहे ही जाणीव आपल्या परंपरेत आधीपासून आहे, आणि हे पुस्तक ती पुढे चालवू पाहते.

ग्रंथांच्या शेजारी कारागीर आणि व्यापारी यांचाही इतिहास आहे. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कनौजच्या डेग-भपक्यातून, म्हणजे पारंपरिक अत्तर-भट्टीतून, निघालेली वाळ्याची, केवड्याची, मातीची अत्तरे या मुलखातल्या लग्नघरांत आणि दर्ग्यांत पोहोचली. परभणीला दरवर्षी फेब्रुवारीत सय्यद शाह तुराबुल हक यांचा उरूस भरतो. त्यात संदल, म्हणजे चंदनाची मिरवणूक निघते, आणि उरुसाला सर्व धर्मांची माणसे जातात. तिकडे खानदेशात, नंदुरबारच्या बाजूला, डोंगरउतारावरच्या रोशा गवताचे तेल काढणाऱ्या भट्ट्या एकोणिसाव्या शतकात चालत. ते तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे तुर्कस्तानात जाई आणि गुलाबतेलात मिसळले जाई. म्हणून युरोपच्या बाजारात त्याला तुर्की जिरेनियम हे चुकीचे नाव पडले. आज पामरोझा म्हणून महाग बाटलीत परत येणारे तेल ते हेच.

मुंबईत १८९३ साली काशीनाथुनी नागेश्वरराव यांनी अमृतांजन सुरू केले आणि कापूर, पुदिन्याचे सत्त्व, निलगिरी यांचा वास कपाळदुखीशी कायमचा जोडला गेला. १९२२ मध्ये मुंबईतच एस. एच. केळकर कंपनी उभी राहिली आणि सुगंधाचा मोठा उद्योग मराठी माणसांच्या हाताने वाढला. मुलुंडच्या केळकर-वझे महाविद्यालयात सुगंध आणि सौंदर्यप्रसाधनांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो. लखनौची सीमॅप ही केंद्रीय संस्था गवती चहा, पामरोझा, वाळा यांचे सुधारित वाण शेतकऱ्यांपर्यंत नेते. म्हणजे शेत, भट्टी, प्रयोगशाळा आणि बाजार ही साखळी या देशात पूर्ण आहे. तिच्यात मनाच्या आरोग्याचा विचार मात्र उशिरा आला.

तो विचार स्वतंत्र शाखा म्हणून युरोपात वाढला. इटलीत १९२० च्या दशकात गात्ती आणि कायोला या दोघांनी वनस्पतीगंधांचे मज्जासंस्थेवर होणारे परिणाम नोंदवले. फ्रान्समध्ये रसायनतज्ज्ञ रेने-मॉरिस गातफोसे यांनी १९३७ मध्ये 'अरोमाथेरापी' नावाचे पुस्तक लिहिले आणि शाखेला नाव मिळाले. लष्करी डॉक्टर झां व्हाल्ने यांनी १९६४ मध्ये तोच धागा वैद्यकात पुढे नेला. त्यांच्या फ्रेंच प्रवाहात तेल हे औषध मानले जाते. तिथे प्रशिक्षित डॉक्टर ते पोटातूनही देतात, म्हणून तो प्रवाह घरी अनुकरण करण्याचा नाही.

दुसरा प्रवाह मार्गरीट मोरी यांचा. ऑस्ट्रियात जन्मलेल्या या परिचारिकेने तेल पोटात देण्याऐवजी साध्या तेलात विरळ करून मालिशीतून देण्याची पद्धत घडवली, आणि प्रत्येक माणसाचा स्वभाव पाहून मिश्रण ठरवले. ब्रिटनमधली अरोमाथेरपी त्यातून वाढली. रॉबर्ट टिसरँड यांच्या १९७७ च्या पुस्तकाने ती सामान्य वाचकापर्यंत नेली. त्याच टिसरँड यांनी पुढे रॉडनी यंग यांच्यासोबत तेलांच्या सुरक्षिततेवर जो जाडजूड ग्रंथ सिद्ध केला, तो आज या क्षेत्रातल्या प्रत्येकाच्या टेबलावर असतो. उत्साहापासून सावधपणाकडे झालेला हा त्यांचा प्रवास संपूर्ण क्षेत्राने गिरवण्यासारखा आहे.

तिसरा प्रवाह प्रयोगशाळेचा. मिलानचे पाओलो रोव्हेस्ती यांनी चिंता आणि औदासीन्य यांसाठी लिंबूवर्गीय तेलांचा अभ्यास केला. जपानमध्ये शिझुओ तोरी यांनी १९८० च्या दशकात लॅव्हेंडर आणि जाईच्या वासाने मेंदूतल्या विद्युतलहरींमध्ये काय फरक पडतो ते मोजले. गंधाचा मनावर होणारा परिणाम औषधाचा दावा न करता मोजायचा, ही या प्रवाहाची भूमिका. आणि चौथा प्रवाह आपल्या आयुर्वेदाचा आणि घरगुती रीतींचा: अभ्यंग, नस्य, धूपन, उटणे, धुरी. त्याचा भर तेलापेक्षा ऋतू, प्रकृती आणि दिनचर्या यांवर आहे. या चारही प्रवाहांचे एकमेकांशी भांडण आहे. वाचकाने एकाचा झेंडा घेण्याची गरज नाही, पण कोणता दावा कोणत्या प्रवाहातून आला आहे हे ओळखता आले पाहिजे.

आता मुख्य प्रश्न. गंध मनापर्यंत जातो कसा? नाकाच्या छतावर पेशींचा एक छोटा थर असतो. त्यात माणसाला साधारण चारशे प्रकारचे गंधग्राहक असतात. त्यांचा शोध लावणाऱ्या रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक यांना २००४ चे नोबेल मिळाले. दृष्टी आणि श्रवण यांचे संदेश मेंदूत थॅलॅमस नावाच्या नाक्यावरून पुढे जातात. गंधाचा संदेश त्या नाक्यावर न थांबता गंधकंदातून थेट भावना सांभाळणाऱ्या अमिग्डलाकडे जातो, आणि तिथून जवळच आठवणी जुळवणारा हिप्पोकॅम्पस असतो. म्हणून वासाची आठवण आधी भावना होऊन येते आणि नाव नंतर सुचते. पहिल्या पावसात भिजलेल्या काळ्या मातीच्या वासाने मन हलके होते ते शब्दांच्या आधी होते.

याशिवाय द्रव्याचा स्वतःचा गुणही काम करतो. जपानच्या कागोशिमा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांना लिनालूलचा वास दिला तेव्हा त्यांची भीती कमी झाली. ज्यांची वास घेण्याची क्षमता काढून घेतली होती त्या उंदरांत असा परिणाम दिसला नाही. शांत करणाऱ्या काही औषधांचा मेंदूतला जो मार्ग आहे तो अडवल्यावरही तो परिणाम थांबला. माणसांवरचा सर्वांत भक्कम पुरावा जर्मनीतल्या एका लॅव्हेंडर कॅप्सूलचा आहे. दररोज ८० मिलिग्रॅमच्या ठरलेल्या मात्रेत ती चिंतेच्या रुग्णांवर तपासली गेली आणि काही चाचण्यांत ती प्रचलित औषधांच्या बरोबरीने उतरली. पण ती औषध म्हणून तयार केलेली, मोजलेली कॅप्सूल आहे. बहुतेक चाचण्यांशी तिच्या उत्पादकांचा संबंध आहे. बाजारातल्या बाटलीतले लॅव्हेंडर पिण्याला त्यातून कोणतीही परवानगी मिळत नाही.

दुसरी बाजूही तितक्याच ठळकपणे सांगायला हवी. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची अस्वस्थता लेमन बाम या वनस्पतीच्या तेलाने कमी होते, असे ब्रिटनमधल्या २००२ च्या एका अभ्यासात दिसले आणि मोठी आशा निर्माण झाली. २०११ मध्ये अधिक काटेकोर, दुहेरी अंध पद्धतीने, म्हणजे कुणाला कोणते तेल मिळाले हे रुग्णाला आणि तपासणाऱ्यालाही कळू न देता, तोच प्रश्न पुन्हा विचारला गेला, तेव्हा ते तेल निष्क्रिय तेलापेक्षा सरस ठरले नाही. २०२० मध्ये कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात स्मृतिभ्रंशासाठीचे १३ अभ्यास एकत्र तपासले गेले आणि ठाम निष्कर्ष काढण्याइतका पुरावा मिळाला नाही. एक अडचण मुळातच आहे. वास लपवणे फार अवघड असते, त्यामुळे कुणाला खरे तेल मिळाले हे बहुतेक अभ्यासांत रुग्णालाही कळू शकते आणि परिचारिकेलाही. दुसरी अडचण मालिशीची. तेल लावणाऱ्या हाताने, शांत खोलीने आणि अर्ध्या तासाच्या आस्थेने जे केले, त्यातले तेलाने किती केले हे वेगळे काढता येत नाही.

संशोधकाला ही अडचण वाटते. मला मात्र तीत आपल्या परंपरेचे शहाणपण दिसते. आपल्याकडे गंध माणसाला एकटा भेटत नाही, तो कुणाच्या तरी हातून येतो. बाळंतिणीच्या खाटेखाली ओवा, शेपा, वावडिंग यांची धुरी तिची आई किंवा सासू देते. नरक चतुर्दशीच्या पहाटे तेल आणि वाळा, नागरमोथा, कचोरा, आंबेहळद घातलेले उटणे घरातले कुणीतरी दुसऱ्याच्या पाठीला चोळते. लग्नात वऱ्हाड्याच्या मनगटावर अत्तर लावायला उभा असतो तो मांडवातला यजमान. वारीत भेटलेला वारकरी अनोळखी माणसाच्या कपाळी बुक्का लावतो आणि पाया पडतो. चैत्रात ज्योतिबाला दवणा वाहिला जातो, तो घरी येतो तेव्हा घरभर वाटला जातो. या प्रत्येक रीतीत वास, स्पर्श, ठरलेली वेळ आणि सोबत अशा चार गोष्टी एकत्र असतात. भावनिक आरोग्यासाठी तेल वापरायचे असेल तर या चारही गोष्टी जपायला हव्यात, हे या पुस्तकामागचे सूत्र आहे. निव्वळ बाटलीचे काम लहान आहे. त्या बाटलीभोवती जी दिनचर्या आणि जे नाते उभे राहते त्याचे काम मोठे आहे.

हे पुस्तक आजच का, याला कारणे आहेत. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातल्या १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे दिसले. उपचार न मिळालेल्यांचे प्रमाण आजारागणिक ७० टक्क्यांच्या पुढे होते. मराठवाड्याला या आकड्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. दुष्काळ, अवेळी पाऊस, पडलेला भाव आणि सावकाराचा निरोप यांनी इथली किती घरे उन्मळली हे प्रत्येक गावाला माहीत आहे. राज्य शासनाचा 'प्रेरणा' प्रकल्प २०१५ पासून शेतकऱ्यांच्या मनाच्या प्रश्नांसाठी काम करू लागला. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक सुरू आहे. तरीही मनाचे दुखणे सांगायला जायचे म्हणजे लोक काय म्हणतील, ही भीती गावात अजून मोठी आहे. अशा वेळी मोबाइलवर जाहिरात येते: या तेलाचे तीन थेंब, आणि नैराश्य गायब. ती जाहिरात खोटी आहे. खचलेल्या माणसाचे पैसे ती घेते, आणि उपचाराची वेळ वाया घालवते, हे पैशांपेक्षा मोठे नुकसान. मराठीत या विषयावर विश्वासाने वाचता येईल असे काही हातात असणे, हे त्या जाहिरातीला दिलेले उत्तर आहे.

करोनाच्या साथीने दुसरे कारण दिले. हजारोंचा वास गेला. जेवणाची चव, लेकराच्या टाळूचा वास, देवघरातला धूप असे सगळे एकदम बंद पडल्यावर अनेकांना विचित्र उदासी आली. गंध मनाशी किती बांधलेला आहे हे तो गेल्यावर कळले. वास परत आणण्यासाठी डॉक्टरांनी जो सराव सुचवला तो जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये मांडलेला होता: गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास रोज दोनदा, बारा आठवडे, मन लावून घ्यायचे. लिंबू आणि लवंग आपल्या स्वयंपाकघरात असतात, गुलाब आणि निलगिरी मिळायला अवघड नाहीत. साध्या वस्तूंचा शिस्तीने केलेला वापर वैद्यकातही मानाचा ठरतो, याचे हे उदाहरण.

सुरक्षिततेविषयी मात्र या पुस्तकात वारंवार बोलावे लागले आहे, आणि वाचकाने त्याचा कंटाळा करू नये. इसेन्शियल ऑइल थेट कातडीवर लावायचे नाही. ३० मिलिलिटर साध्या तेलात सहा थेंब म्हणजे सुमारे एक टक्का. प्रौढाच्या मालिशीला सुरुवातीला एवढे पुरते. साधे तेल तिळाचे चालते, करडईचेही चालते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने 'परभणी कुसुम' हा करडईचा वाण दिला आहे, म्हणजे हे तेल आपल्याच मातीतले. आधी हाताच्या आतल्या बाजूला थोडे लावून एक दिवस पाहायचे. दाबून काढलेले लिंबाचे तेल लावून उन्हात गेले तर कातडी भाजल्यासारखी होते, आणि परभणीच्या एप्रिल-मेच्या उन्हात हा धोका खरा आहे. चमचाभर निलगिरी तेल पोटात गेले तर लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. तान्ह्या बाळाच्या नाकाशी निलगिरी, कापूर किंवा पुदिन्याचे सत्त्व नेऊ नये, त्याने श्वास अडू शकतो. बाळंतिणीच्या खोलीतली दाट धुरी बाळाच्या फुप्फुसांना सोसत नाही. तिथे परंपरेला नम्रपणे थांबवायला हवे.

कापूर, ओव्याचे फूल आणि पुदिन्याचे फूल एकत्र ठेवले की आपोआप पातळ होतात. ही घराघरातली अमृतधारा. ती उपयोगी आहे आणि तीव्रही. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी निलगिरी आणि कापूर असलेले बाम, तेल यांचा वापर आणि फिट येणे यांचा संबंध दाखवून दिला आहे. म्हणून ज्याला फिट येतात त्याने यापासून दूर राहावे. दमा असलेल्यांनी, गर्भवतींनी आणि रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही सुरू करू नये. आणि मानसिक आजाराची गोळी चालू असेल तर तेलामुळे बरे वाटते म्हणून ती कधीही बंद करायची नाही.

आता या पुस्तकाच्या मांडणीविषयी. हे वैद्यकाचे पाठ्यपुस्तक नाही आणि नुस्ख्यांची वहीसुद्धा नाही. यात आपल्या परिसरात ओळखीच्या असलेल्या गंधांना अग्रक्रम आहे: वाळा, गवती चहा, दवणा, तुळस, ओवा, निलगिरी, संत्रे, चंदन, रोशा आणि अर्थात हळद. परदेशी लॅव्हेंडर आहे, कारण त्यावर अभ्यास जास्त झाला आहे. प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टी वेगळ्या ठेवण्याचा प्रयत्न केला आहे: परंपरा काय सांगते, रसायनशास्त्र काय सांगते आणि माणसांवरच्या चाचण्या काय सांगतात. तिन्ही एका दिशेने जातात तिथे ते मोकळेपणाने म्हटले आहे. फक्त परंपरा बोलते तिथे तेवढेच म्हटले आहे. हळदीचा वास या भागात कितीही प्रिय असला तरी तिच्या तेलाने उदासी जाते असा दावा इथे सापडणार नाही. शेतकरी वाचकासाठी लागवड आणि भट्टी यांचा विचारही आहे. हळदीची पाने काढणीनंतर बांधावर पडून राहतात आणि त्यांतही वेगळ्या गंधाचे तेल असते. पण बाजार हाती असल्याशिवाय कुणी भट्टीत पैसे घालू नयेत, हा सल्ला आधी वाचावा आणि मग पुढचे.

हे पुस्तक कसे वाचावे? ज्याला मनाला हलका आधार हवा आहे, झोपण्याआधी अर्धा तास शांत घालवायचा आहे, परीक्षेच्या दिवसांत लेकराची धडधड कमी करायची आहे, दिवसभराच्या श्रमानंतर अंग आणि मन सैल करायचे आहे, त्याने एकच गंध निवडावा. रोज त्याच वेळी, त्याच जागी तो घ्यावा आणि काही आठवडे टिकून राहावे. पुनरावृत्तीने मेंदू त्या गंधाला विश्रांतीशी जोडतो, आणि मग तो गंध आल्यावर मन त्या वाटेने जाऊ लागते. दहा बाटल्या घेऊन रोज बदलणाऱ्याला हा लाभ होत नाही. ज्या वासाशी वाईट आठवण जोडलेली आहे तो कितीही गुणकारी म्हणून सांगितला गेला तरी सोडून द्यावा. चंदनाचा वास एकाला देवघराची शांतता देतो आणि दुसऱ्याला आप्ताच्या अंत्यविधीची आठवण. आपले मन काय सांगते ते आधी ऐकावे, पुस्तक काय सांगते ते नंतर.

ज्याचे दुःख दोन आठवड्यांहून अधिक टिकले आहे, ज्याची झोप आणि भूक गेली आहे, ज्याला जगणे नकोसे वाटू लागले आहे, त्याच्यासाठी मात्र या पुस्तकातले कोणतेही तेल पुरेसे नाही. त्याने किंवा त्याच्या माणसांनी गावातल्या आशाताईंशी बोलावे, जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जावे, १४४१६ वर मराठीत बोलावे. उपचार चालू असताना पाठीला तेल लावणारा हात आणि रोजचा एक आवडता गंध जरूर सोबत असू द्यावा. उपचारासोबत तो उपयोगीच पडतो.

या पुस्तकाकडून माझी अपेक्षा त्याच हाताशी बांधलेली आहे. ताडकळसच्या किंवा कोणत्याही गावातल्या घरात एखादा माणूस गप्प गप्प झाला आहे हे कुणाच्या लक्षात यावे, त्याच्या डोक्याला तेल लावायच्या निमित्ताने कुणी त्याच्याजवळ बसावे, आणि त्या अर्ध्या तासात त्याने मनातले बोलायला सुरुवात करावी. सुगंधाने एवढे निमित्त दिले तरी त्याने आपले काम पुरेपूर केले. पुढचे काम ऐकणाऱ्याचे आहे, आणि ते दुसऱ्या कुणावर सोपवता येणार नाही.